स्टेंच : सुवासापासून दुर्गंधीपर्यंत आलेला शब्द

मंडईजवळच्या किराणा दुकानात ‘वासाचा तांदूळ द्या’ म्हटलं की दुकानदार आंबेमोहोर पुढे करतो. त्याच तांदळाचा भात मे महिन्यात दुपारभर ओट्यावर राहिला आणि रात्री कोणी ‘भाताला वास येतोय’ म्हणालं, तर तो भात पानात कोणी घेत नाही. शब्द एकच. पहिल्या वाक्यात तो गुण सांगतो, दुसऱ्यात दोष, आणि मराठी माणसाचा ऐकताना क्षणभरही गोंधळ होत नाही. ‘वासाचं तेल’ चांगलं, ‘तेलाला वास येतोय’ वाईट.

इंग्रजीतला ‘स्टेंच’ हा शब्द सुमारे हजार वर्षांपूर्वी असाच दोन्ही बाजूंना चालत होता. आज त्याचा अर्थ एकच उरला आहे : तीव्र, नकोशी, नाकात बसणारी दुर्गंधी. सडलेलं मांस, मेलेलं जनावर, उघडं गटार, तुंबलेला संडास अशा ठिकाणी तो वापरतात. फुलाच्या किंवा अत्तराच्या वासाला आज कोणी स्टेंच म्हणणार नाही. पण प्राचीन इंग्रजीत, म्हणजे साधारण इ.स. ४५० ते ११५० या काळातल्या इंग्रजीत, या शब्दाचा अर्थ नुसता ‘वास’ असा होता. तो फुलाचा असो की प्रेताचा. चांगला की वाईट, ते शेजारच्या विशेषणावरून कळायचं. १२०० च्या सुमारास मात्र वाईट अर्थाने जम बसवला आणि चांगला अर्थ हळूहळू पुसला गेला.

या घसरणीमागची कारणं समजली की मराठीतले वास, घाण, दर्प हे शब्दही वेगळे दिसू लागतात. म्हणून आधी शब्दाची घडण पाहू.

शेवटच्या ‘च’ची गोष्ट

स्टेंचमधला शेवटचा च ‘चार’मधला आहे, ‘चाक’मधला नाही. हा फरक इथं महत्त्वाचा आहे, कारण मूळ शब्दात तिथं च नव्हताच, क होता. ‘स्टिंक’ आणि ‘स्टेंच’ हे एकाच मुळाचे दोन फुटवे : स्टिंक हे मुळात क्रियापद, वास सुटणे, स्टेंच हे त्यावरून झालेलं नाम. क्रियापदात क टिकला, नामात त्याचा च झाला.

असं का झालं, ते मराठीच्या कानाला पटकन कळतं. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ हे दोन शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. ‘त्याचा’ म्हणताना जीभ दातांशी असते. ‘त्याची’ म्हणताना पुढच्या ई-मुळे ती टाळूकडे सरकते आणि च बदलतो. लिहिताना अक्षर तेच, उच्चार वेगळा. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत स्टेंचच्या नामरूपात क नंतर असाच एक इ-सारखा स्वर होता. त्या स्वराने दोन कामं केली. जवळचा क टाळूकडे ओढून त्याचा च केला, आणि आधीच्या अक्षरातल्या अ चा ए केला. नंतर तो स्वर स्वतः गळून पडला. त्याने केलेले दोन्ही बदल मात्र शब्दात राहिले. स्पीक आणि स्पीच, बेक आणि बॅच, ड्रिंक आणि ड्रेंच या जोड्यांतला क-च असाच आला. ड्रेंच म्हणजे आज ‘चिंब भिजवणे’, पण मुळात ‘प्यायला लावणे’.

याच आवाजामुळे काही चुकीच्या जोड्याही लावल्या जातात. सायक्लोस्टाइलच्या काळापासून ओळखीच्या ‘स्टेन्सिल’चा स्टेंचशी संबंध नाही, तो शब्द ‘ठिणगी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. रक्त थांबवणे या अर्थाचा ‘स्टाँच’ही वेगळा.

‘वास मारतो’ असं आपण म्हणतो, तेव्हा वास हल्ला करतो अशी कल्पना असते. स्टिंकच्या कुळात अशीच एक खूण सापडते. गॉथिक या नष्ट झालेल्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषेत त्याच्या जोडीचं क्रियापद ‘धडकणे, आदळणे’ या अर्थाचं होतं, आणि स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत ‘उसळणे, उडी घेणे’ या अर्थाचं. प्राचीन इंग्रजीतही स्टिंकचा एक अर्थ धूळ किंवा वाफ वर उठणे असा होता. दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितातल्या कोड्यात धूळ आकाशाकडे उसळते, तिथं हेच क्रियापद आहे. उसळून वर येणारी, मग नाकावर आदळणारी गोष्ट म्हणजे वास, असा हा प्रवास दिसतो. त्यात अजून चांगलं-वाईट काही नाही. त्या काळी ‘गोड स्टिंकणे’ असा प्रयोगही सरळ चालत होता.

शब्द खालीच का घसरतात

वासाचा शब्द वाईटाकडून चांगल्याकडे गेल्याची उदाहरणं शोधायला कष्ट पडतात. उलटी उदाहरणं मात्र भाषेभाषेत आहेत. फारसीत ‘बू’ म्हणजे नुसता वास. त्यामुळे खुशबू आणि बदबू दोन्ही शब्द बनू शकले. हिंदीत एकटा ‘बू’ आला की तो वाईटच.

सगळ्यात ठळक उदाहरण आपलंच आहे. संस्कृतात ‘घ्राण’ म्हणजे हुंगणे, वास, नाक. घ्राणेंद्रिय या शब्दात तो अर्थ आजही शाबूत आहे. प्राकृतात र गळून ‘घाण’ झालं, तेव्हाही अर्थ नाक आणि वास असाच होता. मराठीत आल्यावर घाण म्हणजे दुर्गंधी झाली, मग दुर्गंधी सोडणारी वस्तू म्हणजे केरकचरा आणि मळ, आणि शेवटी नाकाशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टीही : घाण अक्षर, घाण सवय, घाण बोलणं. नाकाला म्हणायचा शब्द उकिरड्यापर्यंत पोचला. तेलाचा घाणा आणि भज्यांचा घाणा हा शब्द मात्र वेगळा, त्याला यात ओढू नये. जुना, वासाचा अर्थ एका झुडपाच्या नावात मात्र टिकून आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर, तळजाईवर जागोजागी माजलेली ‘घाणेरी’ अस्वच्छ नसते. तिच्या पानांना उग्र वास येतो, म्हणून ती घाणेरी. हे झुडूप अमेरिका खंडातून आलेलं, म्हणजे परदेशी झाडाला मराठी माणसाने नाव दिलं तेव्हाही घाण या शब्दात वास जिवंत होता.

‘वास’चंही तसंच. संस्कृतात सुगंधित करणे या अर्थाचा धातू आहे, ‘वासित’ म्हणजे सुगंधी केलेलं. राहणे या अर्थाचा वास निराळ्या धातूचा. म्हणजे आपला वास सुगंधापासून निघाला, मध्यावर आला, आणि आता बोलण्यात बहुतेक वेळा खाली झुकलेला असतो. ‘दर्प’ची वाट थोडी वेगळी आहे. संस्कृतात तो गर्व, मराठीत गर्वही आणि अंगावर येणारा वासही. ‘गंध’ बचावला, आणि त्याचं कारण व्याकरणात आहे असं वाटतं : सु आणि दुर् हे उपसर्ग लागून सुगंध-दुर्गंध अशी पक्की जोडी बनली, त्यामुळे वाईट अर्थाचं ओझं एकट्या गंधावर पडलं नाही.

घसरण घडते ती प्रामुख्याने दोन कारणांनी. पहिलं नाकाचंच आहे. नाक एकसारख्या वासाला लवकर सरावतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला दारातच येतो. त्यामुळे वासाचा उल्लेख करावा असा प्रसंग बहुधा काहीतरी बिघडलं तेव्हाच येतो. चांगला वास आला तर आपण वस्तूचं नाव घेतो : मोगरा फुललाय, फोडणी बसली, पहिला पाऊस पडला. वाईट वास आला आणि तो कशाचा ते कळलं नाही, तर नुसतं ‘वास येतोय’ म्हणतो. असा वापर पिढ्यान्‌पिढ्या होत राहिला की शब्द त्याच प्रसंगाला चिकटतो.

दुसरं कारण सभ्यतेचं. नकोशी गोष्ट थेट म्हणायची नाही म्हणून आपण सौम्य शब्द पुढे करतो. काही काळाने तो सौम्य शब्दच त्या गोष्टीचं नाव होऊन बसतो. ‘शौच’ म्हणजे संस्कृतात शुद्धी, पावित्र्य. आज शौचास जाणे म्हणजे काय ते सांगायला नको. इंग्रजीत स्टेंच आणि स्टिंक वाईट झाल्यावर तटस्थ शब्दाची जागा मोकळी पडली. ती बाराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसणाऱ्या ‘स्मेल’ने घेतली. फ्रेंचमार्गे लॅटिन ‘ओडर’ आला, आणि फ्रेंचमधूनच ‘सेंट’. हा सेंट आधी शिकारी कुत्र्याने माग काढायचा वास होता; त्यातलं सी हे अक्षर सतराव्या शतकात कोणत्याही व्युत्पत्तीच्या आधाराविना घुसलं. आज स्मेलही त्याच उतारावर आहे. ‘हे दूध स्मेल करतंय’ असं पुण्यातला मुलगा म्हणतो, तेव्हा तो दुधाची तारीफ करत नसतो.

नळाखालचा स्टेंच

हा शब्द फक्त साहित्यातला आणि बातम्यांतला नाही. प्लंबिंगमध्ये त्याला नेमका, तांत्रिक अर्थ आहे, आणि तो घरात रोज उपयोगी पडणारा आहे. सांडपाण्याच्या नळीला मुद्दाम दिलेला बाक, ज्यात पाणी साठून राहतं आणि गटारातला वायू घरात यायचा थांबतो, त्याला इंग्रजीत ‘स्टेंच ट्रॅप’ म्हणत आले आहेत. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली असा बाक असलेल्या शौचालयाचं पेटंट घेतलं. आपल्याकडे तोच सापळा नहाणी ट्रॅप, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप आणि इमारतीबाहेरचा गली ट्रॅप या रूपांत असतो. कमोडमध्ये तो भांड्यातच घडवलेला असतो.

सगळं काम साठलेलं पाणी करतं. त्या पाण्याची उभी खोली, म्हणजे वॉटर सील, साधारण ५० मिलिमीटर ठेवतात. एवढं पाणी मधे असलं की वायू इकडे येत नाही. ते गेलं की गटार आणि न्हाणीघर यांत काहीच अडसर राहत नाही.

पाणी जातं कसं? पुण्यात सगळ्यात जास्त आढळणारं कारण उन्हाळा. कुटुंब सुट्टीत गावी जातं, किंवा पाहुण्यांचं न्हाणीघर दोन-तीन आठवडे वापरात नसतं, आणि कोरड्या हवेत ते दोन इंच पाणी उडून जातं. दार उघडताच भपकारा येतो आणि घरातली माणसं उंदीर मेला की काय म्हणून माळे शोधत बसतात. दुसरं कारण नळ्यांच्या रचनेत असतं. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की उभ्या नळीतून खाली जाणारं पाणी मागे हवा खेचतं. हवेला दुसरी वाट नसेल तर ते तुमच्या ट्रॅपमधलं पाणीच ओढून नेतं. अशा वेळी गुडगुड आवाज येतो; तो ऐकू आला तर कोरडेपणाचा संशय सोडावा. तिसरं कारण बारीक आहे पण खरं आहे : केस किंवा दोरा ट्रॅपच्या काठावरून पलीकडे लोंबत राहिला तर तो दिव्याच्या वातीसारखा पाणी शोषून थेंबाथेंबाने पलीकडे सोडतो. बॉटल ट्रॅप स्वच्छ करताना आतली वाटी किंवा रबरी चकती परत नीट न बसवणे, आणि वॉशिंग मशीनची नळी गटारात नुसती खुपसून ठेवणे, हेही नेहमीचे प्रकार.

तपासायची पद्धत सोपी. वास येणाऱ्या जाळीत दोन लिटर पाणी सावकाश ओता, खिडकी उघडा आणि अर्धा तास थांबा. वास गेला तर सील वाळलं होतं. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर पाण्यावर दोन-तीन चमचे खाण्याचं तेल सोडा. तेलाचा थर पाण्याला उडू देत नाही. पाणी ओतूनही वास एक-दोन दिवसांत परतला, आणि न्हाणीघर रोज वापरात आहे, तर पाणी ओढलं जातंय किंवा सांध्यात फट आहे. तिथं उदबत्ती, डांबराच्या गोळ्या आणि अ‍ॅसिड यांनी काही होत नाही, प्लंबरच लागतो.

ओढलं जाणारं पाणी थांबवायला हवेची नळी असते. तिचं जुनं इंग्रजी नाव ‘स्टेंच पाइप’ किंवा ‘स्टिंक पाइप’. लंडनच्या काही रस्त्यांवर एकोणिसाव्या शतकातले असे उंच ओतीव लोखंडी खांब अजून उभे आहेत. दिवा नसलेला दिव्याचा खांब वाटावा असे. आपल्या इमारतींत हीच नळी गच्चीवर निघते आणि तिच्यावर जाळीची टोपी असते. गच्चीवर पत्र्याची शेड घालताना ती कापली किंवा बुजवली, की काही दिवसांत खालच्या मजल्यांवर गुडगुड आणि वास सुरू होतो. गच्चीवरचं काम आणि खालचा वास यांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवं.

जीव वाचवणारी दुर्गंधी

इंग्रजीत ‘स्टेंच गॅस’ असाही एक शब्दप्रयोग आहे, तो खाणकामातला. भूमिगत खाणीत आग लागली तर खोल बोगद्यांतल्या माणसांना आवाज किंवा दिवा पोचेलच असं नाही, पण आत सोडलेली हवा सगळीकडे पोचते. त्या हवेत इथाइल मर्कॅप्टन हे अत्यंत दुर्गंधी रसायन सोडतात. वास आला की बाहेर पडायचं, असा संकेत.

तेच रसायन आपल्या स्वयंपाकघरातही असतं. सिलिंडरमधल्या एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो; ओळखीचा तो ‘गॅसचा वास’ मर्कॅप्टनचा. एका अब्ज भाग हवेत जेमतेम एक भाग असला तरी नाकाला कळतो. हवेत साधारण २ टक्के एलपीजी मिसळला की तो पेट घेऊ शकतो. त्याच्या पाचव्या हिश्श्यावर पोचण्याआधीच वास यायला हवा, असं प्रमाण ठेवतात. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये न्यू लंडन इथल्या शाळेत १९३७ साली वास नसलेला नैसर्गिक वायू गळून स्फोट झाला आणि सुमारे ३०० मुलं-शिक्षक गेले. त्यानंतर वायूत वास मिसळणं सक्तीचं होत गेलं. घरात हा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, देवघरातल्या निरांजनासह सगळ्या ज्योती विझवा, दारं-खिडक्या उघडा, आणि विजेचं कोणतंही बटण दाबू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची झरोक्याची खिडकी पुरत नाही. गळतीसाठीचा आपत्कालीन क्रमांक १९०६. तो बाहेर जाऊन लावा.

मर्कॅप्टन हे नावही ऐकण्यासारखं आहे. विल्यम झाइझ या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात ते लॅटिनमधून घडवलं. अर्थ ‘पाऱ्याला पकडणारा’. वासाचा त्यात उल्लेखही नाही. उलट ब्रोमिन या मूलद्रव्याचं नाव सरळ ग्रीकमधल्या दुर्गंधीवरून ठेवलेलं आहे, आणि हिंगाचं वनस्पतिशास्त्रीय नाव ‘फेरुला असाफीटिडा’ म्हणजे उघडउघड ‘दुर्गंधी डिंकाची’. नाव ठेवणाऱ्याने हिंग बहुधा कच्चाच हुंगला असावा. गरम तेलात पडल्यावर तो काय होतो, हे त्या नावात कुठंच नाही.

एक इशारा इथंच द्यायला हवा. दुर्गंधी नेहमी सावध करतेच असं नाही. कुजक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड गटारांत आणि सेप्टिक टँकमध्ये तयार होतो. पुण्याच्या मुठा नदीला एप्रिल-मेमध्ये जो वास सुटतो त्यातही तो असतो : प्रवाह मंदावतो, पाणी तापतं, मैलापाण्यामुळे त्यातला प्राणवायू संपतो आणि प्राणवायूविना जगणारे जीवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हा वायू बनवतात. उघड्या नदीवर तो पातळ होतो. बंद टाकीत मात्र त्याचं प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेलं की तो नाकाची संवेदनाच बधिर करतो. वास थांबतो, माणसाला वाटतं हवा निवळली, आणि तो आणखी खाली उतरतो. टाकीत उतरलेला माणूस कोसळला म्हणून दुसरा धावून उतरतो आणि तोही जातो, असं याच कारणाने घडतं. अशा कामासाठी सुरक्षेविना माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सोसायटीची टाकी यंत्रानेच उपसून घ्यावी.

वास म्हणजेच रोग, असं वाटत होतं तेव्हा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपात स्टेंच हा नुसता त्रास नव्हता, तोच रोग समजला जाई. कुजक्या पदार्थांतून निघणाऱ्या दूषित हवेला ‘मायाझ्मा’ म्हणत. ग्रीक शब्द, अर्थ डाग, विटाळ. इंग्लंडमधल्या सार्वजनिक स्वच्छतेचे मोठे पुरस्कर्ते एडविन चॅडविक यांनी तर १८४६ साली तीव्र वास म्हणजेच रोग असं मत संसदीय समितीसमोर मांडलं होतं. ‘मलेरिया’ या शब्दात ती समजूत गोठून राहिली आहे. इटालियनमध्ये ‘माला’ म्हणजे वाईट, ‘आरिया’ म्हणजे हवा. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला आणि हवा निर्दोष ठरली. नाव मात्र तेच राहिलं.

१८५८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेचे पडदे क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे ब्लीचिंग पावडर, यात भिजवून टांगावे लागले. इतिहासात या प्रसंगाचं नाव ‘ग्रेट स्टिंक’ असं आहे, ‘ग्रेट स्टेंच’ नाही. लोकांनी बोलण्यातला, ठसकेबाज शब्द उचलला. नदी स्वच्छ करण्याचा कायदा १८ दिवसांत मंजूर झाला आणि जोसेफ बॅझलजेट यांनी नदीकाठाने मैलापाणी अडवून पुढे नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या बांधल्या. हेतू होता वास घालवण्याचा. पण मैला पिण्याच्या पाण्यातून दूर गेला आणि लंडनचा कॉलरा संपला; शेवटची साथ १८६६ साली आली ती शहराच्या पूर्व भागात, जिथं हे काम पुरं झालेलं नव्हतं. कारण चुकीचं समजलेलं, उपाय बरोबर निघालेला.

मराठीत आणताना

स्टेंचला मराठीत सरसकट ‘दुर्गंधी’ म्हणता येतं आणि बातमीत ते चालतंही. पण कथेत किंवा लेखात तिथंच थांबू नये. इंग्रजी शब्द तीव्रता सांगतो, मराठी शब्द बहुधा कारण सांगतात, आणि मराठी वाचकाला कारणाची सवय आहे. कुबट म्हटलं की ओल आणि बुरशी दिसते. खवट म्हटलं की हवा आणि उजेड लागून बिघडलेलं तेल, शेंगदाणे, सुकं खोबरं. वशट म्हणजे मासळीचा किंवा अंड्याचा. मासळीच्या वासाचं एक मोठं कारण ट्रायमिथाइल अमाइन हे आम्लारिधर्मी रसायन असल्यामुळे चिंच, कोकम किंवा लिंबू चोळलं की ते क्षाररूप होऊन हवेत उडायचं थांबतं, आणि पिढ्यांची ती स्वयंपाकघरातली रीत बरोबर ठरते. आंबूस, कोंदट, करपट, पारोसा. आणि पितळेच्या कल्हई उडालेल्या भांड्यात राहिलेल्या ताकासाठी ‘कळकलेलं’. यांतल्या प्रत्येकासाठी इंग्रजीत एकेक शब्द मिळेलच असं नाही. म्हणून मूळ मजकुरात स्टेंच कशाचा आहे ते आधी पाहावं. प्रेताचा असेल तर ‘कुजका दर्प’, अचानक अंगावर आला तर ‘भपकारा’, शहरभर पसरून राहिला असेल तर ‘दुर्गंधी’.

शेजारचे शब्दही तोलून घ्यावे लागतात. ओडर हा सरकारी, तांत्रिक. तक्रार अर्जात तो बसतो. ‘रीक’ मुळात धूर. स्कॉटलंडच्या एडिनबरा शहराला धुरामुळे ‘ऑल्ड रीकी’, म्हणजे ‘जुनं धुरकट’, असं टोपणनाव आहे. आज रीक म्हणजे अंगाला, कपड्याला मुरलेला वास, आणि पुढे जाऊन भ्रष्टाचाराचा वास. धुरातून चांगल्या बाजूला गेलेला शब्द ‘परफ्यूम’. सर्वांत जास्त चुकतो तो ‘नॉइसम’. त्याचा नॉइजशी, आवाजाशी संबंध नाही. ‘अनॉय’ या शब्दाचा पहिला स्वर गळून तो झाला. अर्थ त्रासदायक, आणि विशेषतः दुर्गंधीयुक्त. छापील मराठी भाषांतरात ‘नॉइसम गल्ली’ची ‘गोंगाटाची गल्ली’ झाली की पुढचं सगळं वर्णन बिघडतं.

शब्दाचा उगम स्वतः तपासायचा तर कोश कोणत्या जातीचा आहे ते पहिल्यांदा पाहावं. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात पहिला अर्थ सर्वांत प्रचलित असतो. ऐतिहासिक तत्त्वांवर रचलेल्या कोशात तो सर्वांत जुना असतो, मग तो आज मेलेला का असेना. स्टेंचची नोंद तिथं उघडली तर आधी तटस्थ ‘वास’ भेटतो आणि तो लुप्त झाल्याची खूण त्याला लावलेली असते. त्या अर्थाला आजचा समजून उतरवून घेणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. संस्कृतसाठी असा कोश पुण्यातच, येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजात, सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली सुरू केला. त्याचं काम अजून ‘अ’ या अक्षरातच आहे. ‘घ्राण’ यायला पुष्कळ वेळ आहे. तोवर घ्राणापासून घाणीपर्यंतची वाट पाहायला राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश उघडावा. तिथं संस्कृत शब्दाखाली पाली, प्राकृत आणि मग आजच्या भाषांमधली रूपं ओळीने दिलेली असतात, आणि अर्थ कुठं वळला ते एका नजरेत दिसतं.